ताप उतरताना ईसीजी कसा वाचायचा

मघाशी एका ताईंनी विचारलं, "मलेरियाच्या गोळ्यांनी हृदयाला धोका असतो म्हणे, मग द्यायच्या कशा?" ही भीती हवेतून आलेली नाही. १९८०च्या दशकात हॅलोफँट्रिन आलं. मलेरियावर गुणकारी, पण ते घेतलेले काही रुग्ण अचानक दगावले. ईसीजी काढून पाहिल्यावर कळलं, की या औषधानं क्यूटी अंतर बरंच लांबतं.

क्यूटी म्हणजे काय, ते या पट्टीवरच बघा. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक छोटा चौकोन ४० मिलिसेकंदांचा. क्यूच्या, म्हणजे ठोक्याच्या उंच टोकाआधीच्या छोट्या खाचेच्या, सुरुवातीपासून टी लाट, म्हणजे त्या टोकानंतरची गोलसर लाट, संपेपर्यंत चौकोन मोजायचे. नाडीच्या वेगाचा हिशेब करूनही साडेबारा चौकोन, म्हणजे ५०० मिलिसेकंद भरले, की आम्ही सावध होतो. ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी पोटॅशियम बाहेर सोडून सावरतात. औषधानं ती वाट अडवली तर सावरणं रेंगाळतं, आणि क्वचित त्याच वेळी अवेळी ठोका पडून लय बिघडते.

आता खरी मेख. मलेरियाचा रुग्ण येतो तेव्हा तापानं फणफणलेला असतो, नाडी १२० असते. तीन दिवसांनी ताप उतरतो, नाडी ७०वर येते. नाडी वेगवान असली की क्यूटी आखूड दिसतं; त्याचा हिशेब करायला आपण बॅझेटचं १९२० सालचं सूत्र वापरतो, आणि नेमकं वेगवान नाडीतच ते चुकतं. शिवाय बरं होता होता क्यूटी आपसूकही लांबतं. त्यामुळे पहिल्या आणि तिसऱ्या दिवसाच्या पट्ट्या शेजारी ठेवून सगळा फरक गोळीच्या माथी मारणं हा अन्याय आहे. यातला काही भाग बरं होण्याचा असतो.

आजच्या संयुक्त उपचारांत, म्हणजे मलेरियाची दोन औषधं एकत्र देण्यात, क्यूटी लांबवण्याबद्दल सर्वांत जास्त चर्चा पिपेराक्विनची होते, आणि ते क्यूटी लांबवतं हे खरंच आहे. पण डायहायड्रोआर्टेमिसिनिन-पिपेराक्विन घेतलेल्या सुमारे २ लाख लोकांच्या नोंदी २०१८ साली एकत्र तपासल्या, तेव्हा औषधामुळे झाला असावा असा अचानक मृत्यू एकच सापडला. उपचार न झालेला फाल्सिपेरम, म्हणजे सर्वांत घातक प्रकारचा, मलेरिया किती बळी घेतो, ते मी इथे वेगळं सांगायला नको.

म्हणून भीती जिथे लागू आहे तिथेच ठेवू या. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं आहे का? उलट्यांनी पोटॅशियम घटलंय का? क्यूटी लांबवणारं दुसरं औषध चालू आहे का, एरिथ्रोमायसिनसारखं? हे विचारायला दोन मिनिटं लागतात, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं.

आणि जेवणाचं विचारा! ल्युमेफँट्रिन हे संयुक्त उपचारांतलं दुसरं औषध स्निग्ध पदार्थाबरोबर घेतलं तरच नीट शोषलं जातं. पिपेराक्विनचं उलट: स्निग्ध जेवणानं ते रक्तात जास्त उतरतं आणि क्यूटी आणखी लांबतं. ते घ्यायच्या आधी तीन तास आणि नंतर तीन तास पोट रिकामं हवं. हे गोळ्या हातात देतानाच सांगा, कागदावर लिहूनही द्या.