तो काही करत नाही हो!

श्रोतेहो, नमस्कार.

चौतीस वर्षं मी सांगलीत टपाल वाटलं. फाटकाची कडी वाजवली की आतून पहिला आवाज यायचा कुत्र्याचा आणि दुसरा माणसाचा. माणूस काय म्हणायचा ते तुम्हाला ठाऊक आहे. "या, या, तो काही करत नाही हो!" हे ऐकता ऐकताच मला दोनदा कुत्रा चावलाय. एकदा पोटरीला, एकदा मनगटाला. दोन्ही वेळा मालक कळवळून म्हणाले, "आजवर त्यानं असं कधी केलं नव्हतं." ते खोटं बोलत नव्हते. घरच्यांना तो काही करत नाही, हे खरंच असतं. पण पोस्टमन घरचा नसतो. शेजारचं पोर घरचं नसतं. दूधवाला, मीटर बघायला आलेला माणूस, कुणीच घरचं नसतं.

आज मी भटक्या कुत्र्यांबद्दल बोलणार नाही. त्यांच्यावर सुप्रीम कोर्टापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे बोलणं चालू आहे. मला बोलायचंय ते गळ्यात पट्टा असलेल्या, नाव ठेवलेल्या, मालक असलेल्या कुत्र्याबद्दल. आणि त्याच्या पायी दोन शेजाऱ्यांत जे वैर उभं राहतं, त्याबद्दल.

गोष्ट 2008 सालची. पावसाळा नुकताच सरला होता. माझ्या बीटवर एक जुनी कॉलनी होती, वीस-बावीस बंगल्यांची. त्यात तीन बंगल्यांचं नाव 'मातृछाया'. श्रोतेहो, आईवर माया असावीच, पण घराला नाव देताना खाली नंबरही लिहावा. नंबर नसलेल्या घराची तार, मनीऑर्डर, नोकरीचा कॉल, सगळं दाराला दार विचारत फिरायचं. एका मुलाचा मुलाखतीचा कागद असाच दुसऱ्या 'मातृछाये'त चार दिवस पडून राहिला होता. ते मला अजून लागून राहिलंय. असो.

त्या कॉलनीत सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. भिंतीला भिंत लागून एसटीतल्या एका ड्रायव्हरचं घर. त्यांची आई, बायको, दोन मुलं. साहेबांकडे डॉबरमन होता, नाव टायगर. तो मागच्या बाजूला पाण्याच्या मोटरीजवळ साखळीनं बांधलेला असायचा. साखळी जेमतेम दोन हात. ती जिथवर पोचायची तिथवर जमिनीवर अर्धा गोल उमटला होता. पायांनी तुडवून तुडवून माती दगडासारखी झालेली, गवताचं एक पातं नाही. त्या गोलाच्या बाहेर दुर्वा माजलेल्या. मी रोज ते बघायचो आणि पुढे जायचो. कुणाला काही बोललो नाही, हे आज कबूल करतो.

शनिवार होता. सकाळची शाळा सुटली होती. ड्रायव्हरची मुलगी, तिसरीतली, दप्तर पाठीला लावून घरी येत होती. मी दोन घरं अलीकडे एक रजिस्टर देत होतो. टायगरच्या गळ्यातल्या पट्ट्याचं बक्कल तुटलं होतं, हे नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच की काळं काहीतरी साहेबांच्या कुंपणावरून उडी मारून रस्त्यावर आलं. पोरगी घाबरली आणि पळाली. पळाली म्हणून तो मागे लागला. पोटरी धरली त्यानं.

मी सायकल तशीच ढकलत नेली आणि दोघांच्या मध्ये घातली. कुत्र्यानं सोडलं. सोडून तो बाजूला उभा राहिला, आणि तोही थरथरत होता. तेवढ्यात साहेब धावत बाहेर आले. त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "हिनं दगड मारला असणार! तो काही करत नाही!" पोरीच्या पायातून रक्त मोज्यात उतरत होतं. त्यांचा डोळा तिच्याकडे नव्हता, कुत्र्याच्या अंगावर कुठं लागलंय का ते ते बघत होते.

मुलीची आजी घरातून वाटीत तिखट घेऊन आली, जखमेत भरायला. मी म्हटलं, "आजी, तिखट नको. चुना नको, हळद नको. नळ कुठाय?" मला मनगटाला चावलं तेव्हा डॉक्टरांनी हे पक्कं डोक्यात भरवलं होतं. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. अंगणात धुण्याच्या दगडाशी नळ होता, कपड्याच्या साबणाची झिजलेली वडी होती. पोरीला दगडावर बसवलं, पाय नळाखाली धरला आणि साबण लावत राहिलो.

पंधरा मिनिटं म्हणजे किती, हे तेव्हा कळलं. दोन मिनिटांत आपल्याला वाटतं, झालं धुऊन. पोरगी हुंदके देत होती. मी म्हटलं, "बाळा, पाढे येतात? बेपासून म्हण." तिनं सुरुवात केली. बे एकं बे, बे दुणे चार. सातच्या पाढ्यात अडखळली, आजीनं पुढचं सांगितलं. दहापर्यंत गेली, पुन्हा बेवर आली. असे पाढे फिरून फिरून म्हणेपर्यंत मी पाय पाण्याखालून काढला नाही. मग रिक्षा, मग सरकारी दवाखाना. रक्त आलं होतं म्हणून जखमेत वेगळं औषध टोचलं आणि लशीची पाच इंजेक्शनं लिहून दिली, महिनाभरात पुरी करायची.

पुन्हा सांगतो, कारण ऐकताना सुटून जातं. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. मग दवाखाना, त्याच दिवशी.

इथपर्यंत झाला तो अपघात. भांडण पुढे सुरू झालं. मुलीचे काका गावाकडून काठ्या घेऊन आले. साहेबांनी दार लावून घेतलं. आठवड्याभरात दोन्ही घरांच्या मनात दहा वर्षं साठलेलं सगळं बाहेर पडलं. मोरीचं पाणी, भिंतीवरून आलेली आंब्याची फांदी, दारात लावलेली गाडी. आणि मग एक दिवस सॉर्टिंगला माझ्या हातात आरपीएडी आली, म्हणजे घेणाऱ्याच्या सहीची पोच परत जाते ते रजिस्टर. वकिलाची नोटीस. पाठवणारा ड्रायव्हर, घेणारे साहेब. दोन दारांमध्ये आठ पावलं अंतर. ती नोटीस कोर्टाजवळून पोस्टात, पोस्टातून माझ्या पिशवीत, असा सगळा गाव फिरून शेजारच्या घरात पोचणार होती. (ते रजिस्टर टपालही आता राहिलं नाही. 2025 मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झालं. काळ बदलतो हे मान्य, पण 'रजिस्टर आलंय' म्हटल्यावर घरातला माणूस चष्मा शोधायला लागायचा, तो मान मला प्यारा होता.)

साहेबांनी पाकिटावरचं नाव वाचलं आणि म्हणाले, "परत न्या. नकार लिहा." मी म्हटलं, "साहेब, नकार लिहिला तरी कोर्ट ती पोचलीच धरतं." ते गप्प राहिले. तेवढ्यात आतून काकू आल्या. पदरानं हात पुसत दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, सांगून टाका ना एकदा. ह्यांच्या हातात पट्टा राहत नाही हो. दोनदा ओढून पाडलंय त्यानं ह्यांना. मुलानं हौसेनं पिल्लू आणलं, वर्षाच्या आत नोकरीला बंगलोरला गेला. तेव्हापासून तो असा बांधलेलाच आहे."

साहेबांनी मान खाली घातली. त्या घराला मी कितीतरी महिने उर्मट घर समजत होतो. 'तो काही करत नाही' असं तोऱ्यात सांगणाऱ्या माणसाला स्वतःचाच कुत्रा फिरवता येत नव्हता, आणि ते चारचौघांत कबूल करायची लाज वाटत होती.

मी म्हटलं, "साहेब, सही करा नाहीतर नका करू. आज पोरीला चौथं इंजेक्शन आहे. तुम्ही एकदाही विचारायला गेला नाहीत."

त्यांनी सही केली. संध्याकाळी ते त्या घरी गेले. हे मला दुसऱ्या दिवशी आजीनं सांगितलं. दारात उभे राहून म्हणाले, "माझं चुकलं. पट्टा माझ्याच्यानं धरवत नाही." ड्रायव्हरनं त्यांना आत बोलावून बसवलं. इंजेक्शनांसाठी त्याच्या जितक्या बिनपगारी रजा झाल्या होत्या, तितके पैसे साहेबांनी दिले. मुलगा रविवारी बंगलोरहून आला, मागच्या अंगणात तारेच्या जाळीचं ऐसपैस आवार करून घेतलं, सकाळ-संध्याकाळ कुत्रा फिरवायला एक कॉलेजचा मुलगा ठेवला. रस्त्यावर नेताना टायगरच्या तोंडाला मुसकं, मळणीच्या बैलाला बांधतात तसं. कोर्टात कुणी गेलं नाही. त्या वर्षी संक्रांतीला तिळगूळ भिंतीपलीकडे गेला नव्हता. पुढच्या वर्षी गेला. मुलगी मात्र मी निवृत्त होईपर्यंत साहेबांच्या फाटकासमोर आली की रस्ता ओलांडून पलीकडून जायची.

श्रोतेहो, वेळ थोडा उरलाय, म्हणून बाकीचं भराभर सांगतो.

कायदा काय म्हणतो? 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या 291 कलमानुसार आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होणार नाही अशी काळजी घेतली नाही, तर 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हाच गुन्हा 289 कलमाखाली होता आणि दंड होता 1000 रुपयांपर्यंत. म्हणजे कुत्रा कुणाचा, जबाबदारी त्याची, हे कायद्यानं आधीपासूनच सांगितलेलं आहे. दुसरी बाजूही सांगतो. सोसायटीनं ठराव करून कुत्रा पाळायलाच बंदी घालायची, हे चालत नाही. प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांत ते स्पष्ट आहे. लिफ्टलाही सरसकट मनाई करता येत नाही. कुत्रा ठेवायचा हक्क आहे. पट्टा हातात ठेवायचं कर्तव्यही आहे.

जातीचा प्रश्न लोक फार काढतात. मार्च 2024 मध्ये केंद्रानं पिटबुल, रॉटवायलर धरून 23 जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं होतं, ते पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं रद्द केलं. माझं मत विचाराल तर जात दुय्यम आहे. आमच्या जत तालुक्याकडच्या धनगरांची कुत्री बघा. दिवसभर मेंढरांमागे चालतात, रात्री राखण करतात, आणि धन्याच्या एका हाकेवर जागी बसतात. त्यांना काम आहे, माणसांची सवय आहे. दोन हात साखळीवर वर्षं काढलेल्या कुत्र्याला यातलं काय मिळतं? कुत्रं लहान असताना, पहिल्या तीन-चार महिन्यांत, त्याला अनोळखी माणसं, मुलं, सायकली, सगळं दाखवावं लागतं. ते वय गेलं की पुढे फार जड जातं.

मुलांना एवढं शिकवा. कुत्रा अंगावर आला तर पळू नका. झाडासारखं उभं राहा, हात अंगाशी, डोळ्याला डोळा नको. शेपूट हलतंय म्हणजे तो खुशीत आहे असं धरू नका. ताठ शेपूट थोडंथोडं हलत असेल तर लांबच राहा. आणि मालकांनो, कुत्रा गुरगुरला म्हणून त्याला मारू नका. तो आधी बजावतोय. मारून ते बंद केलंत, तर पुढच्या वेळी न बजावता चावेल.

पोटातली चौदा इंजेक्शनं अजून लोकांच्या मनात आहेत, त्या भीतीनं दवाखाना टाळतात. ती लस आपल्या देशात 2004 च्या अखेरीस बंद झाली. आता सरकारी दवाखान्यात बहुतेक ठिकाणी लस दंडाच्या कातडीत टोचतात. पहिला दिवस शून्य धरायचा, मग 3, 7 आणि 28 वा दिवस. एकही चुकवायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की मग माणूस वाचत नाही. घरच्या कुत्र्यानं चावलं तरी दवाखाना.

आज टपाल कमी झालं, पण फाटकाची कडी वाजवणारे हात वाढले. पार्सलवाली, जेवण आणणारी पोरं दिवसाला चाळीस-पन्नास दारं वाजवतात. जानेवारी 2023 मध्ये हैदराबादेत जेवण पोचवायला गेलेल्या 23 वर्षांच्या मुलाच्या अंगावर घरातला जर्मन शेफर्ड धावला. जीव वाचवायला तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला आणि दवाखान्यात गेला तो परत आला नाही. तो कुणाचा तरी मुलगा होता आणि कुणाचं तरी रात्रीचं जेवण घेऊन आला होता. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हा घरात कुत्रा असेल, तर आज रात्री त्याचा लशीचा कागद कपाटातून काढा आणि तारीख बघा. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की, आणि मग दर वर्षी. पट्ट्याचं बक्कल हातानं ओढून बघा. महानगरपालिकेचा परवाना काढला नसेल तर काढा. आणि पत्राची पेटी फाटकाच्या आत नको, बाहेर लावा.

नमस्कार.