शेरलॉक होम्स सराफ बाजारात येतो तेव्हा

(नाशिकमधल्या एका वाचनालयाच्या बालविभागात पालक, शिक्षक आणि किशोरवयीन वाचकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या दोस्तांनो,

आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० सालची. त्याच्या पुढच्याच वर्षी, एप्रिल १८४१ मध्ये, अमेरिकेतल्या एका मासिकात एडगर अ‍ॅलन पो यांची पॅरिसमधल्या एका बंद खोलीतल्या खुनाची कथा छापून आली. गुप्तहेरकथेचा जन्म साधारणपणे तिथून मोजतात. म्हणजे आपल्या गावातलं वाचनालय गुप्तहेरकथेपेक्षा एका वर्षाने वडील आहे. ही गोष्ट मला फार आवडते.

त्यानंतर आर्थर कॉनन डॉइल यांचा गुप्तहेर शेरलॉक होम्स आला १८८७ मध्ये. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू यांच्या कथांनी कित्येक पिढ्यांना वाचायची सवय लावली. इथे बसलेल्या आजोबांपैकी किती जणांनी त्या अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचल्या असतील, ते त्यांनी नातवंडांना सांगावं. पण आजचं मूल या कथांकडे बहुतेक वेळा थेट येत नाही. कुणीतरी नव्याने सांगितलेल्या रूपातून येतं. नॅन्सी स्प्रिंगर यांनी २००६ मध्ये होम्सला एनोला नावाची धाकटी बहीण दिली, आणि २०२० मध्ये तिच्यावर चित्रपट आला. अँड्र्यू लेन यांनी चौदा वर्षांचा होम्स लिहिला. रॉबिन स्टीव्हन्स यांच्या २०१४ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत तपास करतात त्या १९३० च्या दशकातल्या निवासी शाळेतल्या दोन मुली. त्यातली होम्सच्या मित्रासारखी, म्हणजे वॉटसनसारखी, सगळं टिपून ठेवणारी हेझल हाँगकाँगहून आलेली आहे, त्यामुळे इंग्लंड आपल्याला बाहेरून आलेल्या मुलीच्या नजरेने दिसतं. आपला फुरसुंगीचा बनेश फेणे २०१७ च्या चित्रपटात मोठा होऊन आजच्या पुण्यात फिरला. आणि सत्यजित राय यांनी तर १९६५ मध्येच 'संदेश' मासिकात फेलूदा आणला. होम्सला गुरू मानणारा, अस्सल बंगाली, आणि त्याच्या हकिकती सांगणारा त्याचा शाळकरी चुलतभाऊ तोपशे.

नव्याने सांगण्याला माझा विरोध नाही. मी स्वतः तेच काम करतो. पण असं पुस्तक हातात आलं की मी एकच गोष्ट बघतो. सुगावा वाचकाच्या हातात दिलाय का? रोनाल्ड नॉक्स नावाच्या धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यातला आठवा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: गुप्तहेराला जो धागा सापडला, तो वाचकालाही लगेच दाखवायचा. मुलांसाठी लिहिताना नेमका हाच नियम सोडून दिला जातो. गोष्ट चाळीस पानांवरून आठ पानांवर आणायची म्हटलं की पाठलाग राहतो, पिस्तूल राहतं, शेवटी चोर पकडला जातो तेही राहतं. कापला जातो तो विचार.

एक उदाहरण जरा जवळून बघू. होम्सची 'सिल्व्हर ब्लेझ' ही १८९२ ची कथा. शर्यतीचा घोडा पळवलेला आहे. रात्री कुत्रा भुंकला नाही, म्हणजे आलेला माणूस ओळखीचा होता. हा धागा जगप्रसिद्ध आहे, त्यामुळे संक्षिप्त आवृत्तीतही तो टिकतो. पण त्याच कथेत दुसरा एक धागा आहे, आणि मला तो जास्त सुंदर वाटतो. तबेल्यावर पहारा देणाऱ्या पोराला त्या रात्रीच्या जेवणातून अफू दिली होती. जेवण काय होतं? मसालेदार मटण. अफूला चव असते. साध्या जेवणात ती लगेच कळली असती, मसाल्यात लपली. संशय एका परक्या माणसावर आहे. पण त्या रात्री घरात रस्सा शिजणार, हे परक्याने कसं ठरवलं? ते घरातलंच कुणीतरी ठरवू शकतं. बघा, रस्सा खाणाऱ्या नाशिकच्या मुलाला हे लंडनच्या मुलापेक्षा आधी कळायला हवं. आणि मुलांसाठीच्या ज्या आवृत्त्या मी चाळल्या, त्यांतल्या बऱ्याचशांत नुसतं 'जेवणात गुंगीचं औषध घातलं' एवढंच आहे. रस्सा गेला, आणि मुलाला मिळणारी विचार करायची संधीही गेली.

आता याच्या उलट, चांगलं काम कसं असतं ते सांगतो. 'द साइन ऑफ फोर' या १८९० च्या कादंबरीत वॉटसन होम्सच्या हातात एक सोन्याचं घड्याळ ठेवतो. त्यावर बारीक पोचे आहेत, म्हणजे मालक ते नाण्यांबरोबर, किल्ल्यांबरोबर खिशात टाकायचा. आतल्या बाजूला सावकाराने टोकदार सुईने कोरलेले आकडे आहेत, म्हणजे ते पुन्हा पुन्हा गहाण पडलं. आणि चावी द्यायच्या भोकाभोवती ओरखडेच ओरखडे आहेत, म्हणजे रात्री चावी देताना हात थरथरायचा. दारू. घड्याळ वॉटसनच्या थोरल्या भावाचं होतं. २०१० मध्ये बीबीसीने होम्सला आजच्या लंडनमध्ये आणलं, तेव्हा घड्याळाच्या जागी मोबाइल आला. पोचे तसेच. ओरखडे चार्जर लावायच्या जागेभोवती. अनुमान तेच. फोनवर 'हॅरी' असं नाव कोरलेलं आहे, म्हणून होम्स वॉटसनचा भाऊ दारुडा आहे असं सांगतो. आणि मग कळतं की हॅरी ही बहीण आहे. मूळ कथा पाठ असलेला प्रेक्षकही तिथे चकतो. लिहिणाऱ्यांनी फक्त वस्तू बदलली नाही. ओरखडा का पडतो, तिथपर्यंत ते मागे गेले आणि तिथून पुन्हा पुढे आले.

हे मुलांना जमतं का? जमतं. मोठ्यांपेक्षा चांगलं जमतं. मी इथल्या मुलांबरोबर होम्सची 'रेड-हेडेड लीग' ही १८९१ ची कथा नाशिकमध्ये आणायचा उद्योग केला. मूळ गोष्ट थोडक्यात अशी. लाल केसांच्या एका दुकानदाराचा गहाणवटीचा धंदा आहे. त्याला आठवड्याला चार पौंडांची नोकरी मिळते: रोज दहा ते दोन एका कचेरीत बसून विश्वकोश उतरवून काढायचा. तो तिकडे लेखणी झिजवत असताना इकडे त्याचा नोकर दुकानाच्या तळघरातून बँकेपर्यंत भुयार खणतोय.

मुलांनी दुकान सराफ बाजारात ठेवलं. जुना वाडा, खाली तळघर, मागे बँक. उत्तम. नोकरीचं काय? एका मुलाने लगेच सांगितलं, 'घरबसल्या डेटा एन्ट्री! अशा फसवणुकीचे मेसेज आमच्या बाबांना रोज येतात.' सगळ्यांना पटलं. दोन मिनिटांनी मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, 'पण सर, तो घरीच बसला तर चोर भुयार कधी खणणार?'

त्या एका प्रश्नात सगळी कथा उघडली. मूळ कथेत अट आहे की कामाच्या वेळात इमारत सोडायची नाही, बाहेर पाऊल टाकलं की नोकरी गेली. वाचताना ती अट विक्षिप्त वाटते. खरं तर अख्खा कट तिच्यावर उभा आहे. मुलांनी मग नोकरी कॉलेज रोडवरच्या एका भाड्याच्या ऑफिसात हलवली आणि हजेरीला बोटाचा ठसा लावला.

पुढे नोकराची पाळी. मूळ कथेत त्याला फोटोग्राफीचा नाद असतो, म्हणून तो सारखा तळघरात. आता अंधारी खोली कोणाला लागते? मुलांनी त्याला ढोलपथकात घातलं. गणपतीआधीचा सराव तळघरात, आवाज बाहेर जायला नको म्हणून. खणण्याचा आवाजही आपोआप झाकला गेला. मूळ कथेत होम्स त्याच्या पँटचे गुडघे बघतो: झिजलेले, मळलेले. पण आज गुडघ्याला फाटलेली जीन्स दुकानात जास्त पैसे देऊन मिळते! तो सुगावा मेला. दुसरा शोधायला हवा. इथे मुलं अडली, आणि अडली याचा मला आनंद झाला, कारण खरं काम इथे सुरू होतं.

वाट काढली ती सराफ बाजारातच राहणाऱ्या एका मुलाने. तो म्हणाला, ढोलाचा सराव श्रावणात असतो, आणि तेव्हा तर पूर येतो. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदावरी चढते. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आलं, हे आपण सगळेच विचारतो. पाणी बाजारात शिरलं की जुन्या तळघरांत साचतं आणि ओसरायला वेळ घेतं. मग तो म्हणाला, 'या वर्षी मात्र त्या तळघरातलं पाणी एका रात्रीत नाहीसं झालं.'

वर्गात शांतता. मग एकदम गलका. पाणी भुयारात गेलं! भुयार अजून बँकेपर्यंत पोहोचलेलं नव्हतं, म्हणून तिकडे कुणाला पत्ता नाही. नोकर सांगतो, 'मी मोटर लावून उपसलं.' आणि आधीच्या पानावर मुलांनी सहज लिहिलेलं असतं की पुरामुळे गल्लीतली वीज दोन दिवस बंद होती. आठवा नियम शंभर टक्के पाळला आहे. वाचकाला सगळं दाखवलंय. दुसऱ्या कुठल्या शहरात ही कथा अशी घडू शकत नाही. नाशिकमध्ये आणणं याला म्हणतात. पात्राला मिसळ खायला घातली आणि पाटीवर पंचवटी लिहिलं, एवढ्याने गोष्ट नाशिकची होत नाही.

आता एक गंभीर गोष्ट, विशेषतः शिक्षकांसाठी. 'द स्पेकल्ड बँड' ही होम्सची मुलांना सर्वांत आवडणारी कथा. त्यात साप आहे, शिट्टी आहे, आणि सापाला ठेवलेली दुधाची बशी आहे. साप दूध पीत नाही, हे नागपंचमीला शाळेत येणारे सर्पमित्र आपल्या मुलांना सांगतात. आपली मुलं तिथे बरोबर थांबतात. तेव्हा नव्याने सांगताना ते दुरुस्त करा, त्यात कॉनन डॉइल यांचा काही अपमान नाही. पण त्याच कथेत घराच्या आवारात भटक्यांची पालं आहेत, आणि पहिला संशय त्यांच्यावर वळतो. वाचकाची दिशाभूल व्हावी म्हणून. मराठीत आणताना हात सहज पारध्यांच्या पालांकडे जातो. कृपा करून तसं करू नका. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी देशातल्या अनेक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण संशय रद्द झालेला नाही. आपल्या वर्गात त्या वस्त्यांमधली मुलं बसलेली असतात. शेवटी ते निर्दोष निघतात, हे सांगून भागत नाही. पहिली दहा पानं त्या मुलाने कशी वाचायची? दिशाभूल करायला दुसरा कुणीही चालेल. मी तिथे गावातला सगळ्यांत प्रतिष्ठित माणूस ठेवतो. त्याच्यावर संशय घ्यायला मुलांना धीर लागतो, आणि तो धीर त्यांना यावा असं मला वाटतं.

खुनाच्या गोष्टी मुलांना द्याव्यात का, असं पालक विचारतात. होम्सच्या कितीतरी कथांत खून नाहीच. 'रेड-हेडेड लीग'मध्ये नाही, नाताळच्या हंसाच्या पोटात रत्न सापडतं त्या कथेतही नाही. तिथून सुरुवात करा. मुलाला पुढचं हवं असेल तेव्हा ते स्वतः मागेल.

ज्यांना लिहायचंय त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. कॉनन डॉइल १९३० मध्ये गेले, तेव्हा होम्स सगळ्यांचा आहे. अगाथा ख्रिस्ती गेल्या १९७६ मध्ये, म्हणजे त्यांच्या पॉयरो या गुप्तहेराला हात लावायचा तर २०३६ संपेपर्यंत परवानगी हवी. आणि कुणाच्या मराठी अनुवादावरून उचलू नका, अनुवादाचे हक्क वेगळे असतात.

शिक्षकांनी ग्रंथालयाच्या तासाला या कथा मोठ्याने वाचाव्यात, पण शेवटपर्यंत वाचू नयेत. 'सिल्व्हर ब्लेझ'मध्ये कुत्र्याचं वाक्य आलं की पुस्तक मिटा. 'स्पेकल्ड बँड'मध्ये पलंग जमिनीला ठोकून बसवलाय आणि घंटेची दोरी घंटेला जोडलेलीच नाही, एवढं कळलं की मिटा. 'रेड-हेडेड लीग'मध्ये होम्स दुकानासमोरच्या फरशीवर काठी आपटून बघतो, तिथे थांबा आणि विचारा, का आपटली असेल? उत्तरं फळ्यावर लिहून घ्या, चुकीचीसुद्धा, आणि प्रत्येकाला विचारा की हे कशावरून. घंटा झाली तरी शेवट सांगू नका. तो पुढच्या तासाला वाचा.