पोस्टानं पत्रकं वाटताय? छापण्याआधी 20 ग्रॅमचं गणित बघा

नमस्कार मंडळी! दिवाळी सेल जवळ आला की कॉमेंटमध्ये एकच प्रश्न: "दादा, पोस्टमनकडनं घरोघरी पत्रकं टाकता येतात काय?" येतात की! डायरेक्ट पोस्ट म्हणायचं. पत्रकावर घेणाऱ्याचं नाव-पत्ता काही नाही, एका वेळी किमान 1000 नग, भाग तुम्ही सांगायचा, पैसे भरायचे. झालं.

आता खरा विषय. वजन! दराचा टप्पा 20 ग्रॅमचा. 20 च्या वर जरासं गेलं की पुढच्या टप्प्याचे पैसे, आणि तेही प्रत्येक नगाला.

हिशोब सोपा आहे. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-फोरला जीएसएम भागिले 16, ए-थ्रीला भागिले 8. म्हणजे 170 जीएसएमचा ए-थ्री झाला 21.25 ग्रॅम. गेला! 130 चा घ्या, 16.25. घडी घातली म्हणून वजन कमी होत नाही, भावा. हे दर व्हिडिओखाली कुणीतरी विचारतंच.

"मग 157 चा घेतो, 19.6 भरतो." कागदावर बरोबर. पण वर लॅमिनेशन केलं? कोपऱ्याला कूपन पिन केलं? बसलाच की 20 च्या वर.

आणि काही नाही केलं तरी आपला कोल्हापुरी पाऊस आहेच. छापखान्यात गठ्ठा उघडा राहिला आणि कागदानं नुसती दोन टक्के ओल धरली तरी 19.6 चे 20 होतात. प्लास्टिकमध्ये बांधून ठेवायला सांगा.

म्हणून ऑर्डर देण्याआधी त्याच कागदाचे, त्याच मापाचे 10 कोरे तुकडे मागा, लॅमिनेशन असेल तर लॅमिनेशनसकट. घरच्या काट्यावर एकेक मोजू नका, तो 19 म्हणतो की 20 कळत नाही. दहा एकदम ठेवा, दहानं भागा. गुजरीत, म्हणजे आपल्या सराफ बाजारात, ओळखीचा सराफ असेल तर त्याचा काटा मिलिग्रॅमपर्यंत सांगतो. 18 च्या आत आलं तर बिनधास्त छापा.

भाग सांगताना पिनकोडचे पहिले तीनच आकडे धरून "416 वाले सगळे" म्हणू नका. 416 मध्ये सांगली आहे, सावंतवाडीसुद्धा आहे. चप्पल महाद्वार रोडला विकायचं आणि पत्रक सावंतवाडीला? पूर्ण पिन द्या: शाहूपुरी 416001, राजारामपुरी 416008. प्रत्येक पिनचे गठ्ठे वेगळे, शंभर-शंभरचे, वर नगांची चिठ्ठी.

कॉमेंटमध्ये विचारताना माप आणि जीएसएम लिहा. नुसता पत्रकाचा फोटो पाठवून "किती पडेल?" विचारू नका, फोटोला वजन नसतं.