हातांचा हिशेब

[दृश्य: अँटवर्प बंदर, जुनी छायाचित्रं]

बेल्जियममधलं अँटवर्प. एकोणिसावं शतक संपत आलंय. एडमंड मोरेल नावाचा पंचविशीतला कारकून लिव्हरपूलच्या एल्डर डेम्पस्टर या जहाज कंपनीच्या कामासाठी इथे ये-जा करतो. काँगोहून बोटी येतात त्या रबर आणि हस्तिदंतानं भरून. परत जाताना त्यांच्यावर चढतात बंदुका, काडतुसं, लष्करी अधिकारी. विकायला न्यावा असा माल जवळजवळ नाहीच.

मोरेलनं काँगो पाहिलेला नव्हता, पण जमाखर्च वाचता येत होता. एवढं रबर येतंय आणि मोबदल्यात काहीच जात नाही, म्हणजे तिकडे वेठबिगार चालू आहे.

[दृश्य: लिओपोल्डचं चित्र, मग नकाशा]

कागदावर मात्र सगळं पुण्यकर्म होतं. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा यानं १८७६ साली ब्रुसेल्सला भूगोलतज्ज्ञ आणि प्रवासी जमवले. भाषा काय, तर आफ्रिकेत सुधारणा न्यायची, अरब व्यापाऱ्यांची गुलामविक्री मोडायची. १८८४-८५च्या बर्लिन परिषदेत चौदा देश बसले. त्यांत आफ्रिकेचा माणूस एकही नाही. स्थानिकांच्या नैतिक आणि ऐहिक उन्नतीची काळजी वाहण्याचं कलम करारात आहे, हं! आणि बेल्जियमच्या सत्तर-पंचाहत्तर पट मोठा मुलूख एका माणसाच्या खासगी मालकीचा झाला. नाव ठेवलं ‘काँगो मुक्त राज्य’. मालक तिथे आयुष्यात एकदाही गेला नाही.

१८८८मध्ये डनलॉपनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, युरोपला सायकलचं वेड लागलं, रबराचा भाव चढला. काँगोच्या जंगलात रबराच्या वेली होत्या. वेलीला चीर द्यायची, चीक गोळा करायचा. पुष्कळजण तो अंगावरच चोपडून सुकवत आणि मग केसांसकट ओरबाडून काढत. जवळच्या वेली संपल्या की आणखी आत जायचं, दिवसच्या दिवस. तोवर घरची बाई रबर कंपनीच्या कोठडीत ओलीस. रबर पुरेसं आलं तरच सुटका. शेतं पडीक राहिली, उपासमार झाली, मागून निद्रारोग आला.

आणि काडतुसं? एकही वाया जाऊ नये म्हणून शिपायानं प्रत्येक गोळीमागे मेलेल्या माणसाचा उजवा हात आणून दाखवायचा. शिकारीत गोळी खर्ची पडली, तर जिवंत माणसाचा हात तोडून हिशेब जुळवला जाई. वरिष्ठांकडे नेईपर्यंत कुजू नयेत म्हणून हात धुरावर सुकवत. काडतुसं अशी मोजली जात होती. माणसांची शिरगणती मात्र झालीच नव्हती, त्यामुळे किती मेली याचा पक्का आकडा नाही. लोकसंख्या निम्म्यावर आली असावी, असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे.

[दृश्य: छायाचित्र. इथे काही सेकंद निवेदन नको.]

१४ मे १९०४. बारिंगा गावातलं मिशन. ओसरीच्या कडेला बसलेल्या या माणसाचं नाव न्साला. तो ज्याच्याकडे पाहतोय तो त्याच्या पाचेक वर्षांच्या मुलीचा, बोआलीचा, हात आणि पाय आहे. पानात गुंडाळून त्यानं तो आणला होता. गावानं रबराचा वाटा भरला नाही म्हणून कंपनीच्या शिपायांनी तिला मारलं. कंपनीचं नाव अबीर. आपल्याला अबीर म्हटलं की वारी आठवते. हे लघुरूप होतं ‘अँग्लो-बेल्जियन इंडिया रबर’चं. रबरालाच तेव्हा इंग्रजीत ‘इंडिया रबर’ म्हणत.

फोटो काढला मिशनऱ्याची बायको अ‍ॅलिस सीली हॅरिस हिनं. त्याच वर्षी काँगोतला ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट याचा तिथल्या अत्याचारांवरचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि मोरेलनं त्याच्या साथीनं काँगो सुधारणा संघटना काढली. सभागृहांत दिवे मालवून, पडद्यावर अशी छायाचित्रं दाखवून व्याख्यानं होऊ लागली.

१९०८मध्ये लिओपोल्डला काँगो बेल्जियम सरकारकडे सोपवावा लागला. त्या ऑगस्टमध्ये ब्रुसेल्सच्या राजवाड्यालगत भट्ट्या आठ दिवस पेटलेल्या होत्या. आत काँगोचं दप्तर जळत होतं. अ‍ॅलिसच्या छायाचित्रांच्या काचा तेव्हा इंग्लंडात, अमेरिकेत फिरून आल्या होत्या.