टेन-ट्वेंटीसिक्सवर अडकलेली बादली

[बेसमेंट. काँक्रीटची फरशी, त्यावर झाकण लावलेली पांढरी बादली.]

हे आमचं अमेरिकेतल्या मिलवॉकीचं बेसमेंट. जानेवारी महिना, बाहेर उणे पंधरा, आणि आत ही बादली, हिच्यात एकोणीस लिटर बिअर आहे, म्हणजे व्हायला हवी होती. आज नववा दिवस. पहिले तीन दिवस झाकणावरचा एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी पाण्याची नळी) इतका बुडबुडत होता की बायकोने वरून विचारलं खाली भात लावलायस का, आणि चौथ्या दिवशी एकदम चिडीचूप.

मिलवॉकी तसं बिअरचंच गाव, पॅब्स्ट, श्लिट्झ, मिलर सगळे इथलेच, त्यामुळे बेसमेंटमध्ये बादलीशेजारी बसलेला माणूस इथे कुणाला वेडा वाटत नाही. १९७८ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जिमी कार्टरनी सही केलेल्या कायद्यामुळे घरी स्वतःपुरती बिअर करायची मोकळीक मिळाली, एकट्या माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन मोठी माणसं असतील तर २००. महाराष्ट्रात मात्र लायसन्सशिवाय हे चालत नाही, तेव्हा तिकडच्या मंडळींनी नुसतं बघा, करायला जाऊ नका.

[काचेची उभी नळी, तिच्यात तरंगणारा हायड्रोमीटर.]

एअरलॉक बंद पडला म्हणजे काम संपलं असं नाही, आणि बुडबुडतोय म्हणजे काम चालू आहे असंही नाही. झाकण जरा सैल असलं तर गॅस कडेने निघून जातो आणि आपण उगाच घाबरतो. खरं काय ते हा सांगतो, हायड्रोमीटर. पाण्यात साखर जास्त तेवढा हा वर तरंगतो, यीस्टने साखर खाल्ली की खाली जातो. साधं पाणी म्हणजे १.०००. माझं पाणी, म्हणजे माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) गोड पाणी, त्याला वर्ट म्हणतात, ते पहिल्या दिवशी होतं १.०६२. ही इंग्लिश पद्धतीची पोर्टर, म्हणजे काळपट बिअर, हे यीस्ट साधारण पाऊण साखर खातं, म्हणजे १.०१५च्या आसपास थांबायला हवं.

नवव्या दिवशी मी आधी रिफ्रॅक्टोमीटर लावला, हा प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजतो, कारण त्याला दोनच थेंब लागतात. त्याने दाखवलं १० ब्रिक्स (हे साखरेचं माप), म्हणजे हायड्रोमीटरच्या भाषेत १.०४०. हात-पाय गार पडले! मग डोकं ठिकाणावर आलं, अरे, यात आता अल्कोहोल आहे, आणि अल्कोहोल प्रकाश वेगळा वाकवतो, त्यामुळे आंबायला सुरुवात झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा जसाच्या तसा धरायचाच नसतो, गणित करून दुरुस्त करावा लागतो. कितीतरी लोकांची बिअर इथेच "अडकते", म्हणजे आंबणं मध्येच थांबल्यासारखं वाटतं, आणि ती मुळात अडकलेलीच नसते. हायड्रोमीटर टाकला तर १.०२६, इंग्रजीत टेन-ट्वेंटीसिक्स. तोही खोटं बोलत नाहीये ना म्हणून साध्या पाण्यात टाकून बघितला (आतला कागद सरकलेला असू शकतो), पाण्यात बरोबर १.०००. दोन दिवसांनी पुन्हा १.०२६. म्हणजे आमची खरंच अडकलेली.

आता इथे बहुतेक जण काय करतात तर दुकानातून अजून एक पाकीट यीस्ट आणून वरून भुरभुरवतात. मीही पूर्वी केलंय, काही होत नाही, गाळ तेवढा वाढतो. कारण आधी ठरवायला हवं की चूक कुणाची, यीस्टची की साखरेची.

साखरेची चूक कशी, तर माल्ट गरम पाण्यात भिजवताना त्यातली एन्झाइम्स स्टार्च तोडून साखर करतात, आणि त्यातलं एक ६०-६५ अंशाला खूश असतं, ते यीस्टला खाता येईल अशी माल्टोज बनवतं, दुसरं ७० च्या आसपास, ते मोठे मोठे तुकडे करतं जे या यीस्टच्या तोंडात मावतच नाहीत. थर्मामीटर तीन-चार अंश चुकीचा असेल तर तुम्हाला वाटतं ६७ आणि आत असतात ७१. मग बिअर १.०२६ ला थांबली तर ती अडकली नाही, तिचं जेवण संपलं, आणि कितीही यीस्ट ओता, ताटात दगड असतील तर कोण खाणार.

[ओट्यावर एक छोटी बाटली, तोंडावर फॉइल.]

हे शोधायची एक भारी युक्ती आहे. बादलीतून ३०० मिली बिअर काढली, एका स्वच्छ बाटलीत घातली, त्यात अख्ख्या पाकिटाचं अर्धं यीस्ट, एवढ्याशा बिअरला ते भयंकर जास्त आहे आणि मुद्दामच जास्त आहे, आणि बाटली किचनमध्ये २५ अंशाला ठेवली, येता-जाता हलवत राहिलो. चवीचं काय होईल याची पर्वा नाही, ही फेकायचीच. तीन दिवसांनी ती १.०१५ ला आली. म्हणजे साखर शिल्लक होती, खाणारा झोपला होता. ती बाटलीही १.०२६ लाच बसली असती तर थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात घालून तपासला असता आणि ही गोड पोर्टर आहे म्हणून पाहुण्यांना पाजली असती.

कुठलं यीस्ट किती साखर खाईल हा अंदाज बांधता येतो तो कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या एमिल ख्रिश्चन हान्सेनमुळे, त्याने १८८३ मध्ये एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट ब्रुअरीला दिलं. त्याआधी भांड्यात कोण कोण आहे हेच माहीत नसायचं, मग कोण किती खाईल ते काय सांगणार.

[थर्मामीटर फरशीवर. आकडा: १४.]

आता झोपला का, तर हे बघा. फरशी १४ अंश. इंग्लिश यीस्टला हवेत १८ ते २०. पण मग पहिले तीन दिवस जोरात कसं चाललं? कारण यीस्ट काम करताना स्वतःच उष्णता सोडतं, बादलीच्या आत बाहेरपेक्षा चार-पाच अंश जास्त असतात. काम मंदावलं की ती शेकोटी विझते, म्हणजे नेमकं शेवटी, जेव्हा अल्कोहोल वाढलेलं आणि सोपी साखर संपलेली, तेव्हाच गारठा वाढतो. त्यात हे इंग्लिश यीस्ट फार लवकर गोळा होऊन तळाशी बसतं, चिखलासारखं घट्ट. आमची आई थंडीत विरजणाचं भांडं शालीत गुंडाळून पिठाच्या डब्यामागे ठेवायची, आणि मी एवढा शहाणा बादली थेट काँक्रीटवर ठेवून वर झोपायला गेलो.

मग बादली लाकडी खोक्यावर उचलली, भोवती गोधडी आणि हीटिंग पॅड, २१ अंशाला आणली, आणि झाकण न उघडता हळूच गोल फिरवली म्हणजे तळाचं यीस्ट वर यावं. ढवळायचं नाही हं, हवा घालायची नाही. सुरुवातीला यीस्टला पेशीचे पातळ पडदे बांधायला ऑक्सिजन लागतो, पण आता तोच ऑक्सिजन बिअर बिघडवतो, ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

तीन दिवसांनी १.०२२. हलली, पण रडत रडत. मग शेवटचा उपाय, लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम माल्टची पावडर उकळून गार केली, त्यात नवीन यीस्ट, आणि वर फेस चांगला चढेपर्यंत थांबलो, तो पूर्ण जोरात असताना अख्खा बादलीत ओतला. कोरडं यीस्ट थेट अल्कोहोलमध्ये टाकणं म्हणजे अंथरुणातून उठवून थेट विहिरीत ढकलणं, जागं करून, खाऊ घालून पाठवलं तर काम करतं.

बाजारात एन्झाइमच्या बाटल्याही मिळतात, त्या घातल्या की मोठे तुकडेही फुटतात आणि यीस्ट सगळं फस्त करतं, पण ते एन्झाइम कुठे थांबायचं ते विचारत नाही, पोर्टर पाण्यासारखी कोरडी होऊ शकते. मी घातलं नाही.

[रिकाम्या बाटल्यांची रांग.]

घाई करून १.०२६ लाच बाटल्या भरल्या असत्या तर? हायड्रोमीटरचा एक पॉइंट (म्हणजे ०.००१) आंबला की बिअरच्या घनफळाच्या साधारण अर्धा पट गॅस तयार होतो. नेहमीची बिअर अडीच पटींवर असते. इथे दहा पॉइंट शिल्लक, म्हणजे पाच पट जास्तीचे, वर बाटलीत फसफस यावी म्हणून घालतो ती साखर वेगळीच. काच एवढं सोसत नाही, आणि बाटली फुटते ती पायरीवरून पडल्यासारखी नाही, फटाक्यासारखी, काचा भिंतीत घुसतात.

एकविसाव्या दिवशी १.०१६. तेविसाव्या दिवशीही १.०१६. सहा टक्के अल्कोहोल. मग बाटल्या भरल्या, आणि तरीही पहिले दोन आठवडे खोक्यावर जाड ब्लँकेट टाकून ठेवलं होतं.