मासे नंतर, आधी झाडं

नमस्कार श्रोतेहो.

रविवारी सकाळी कुर्ल्याच्या रंगीत माशांच्या बाजारात किंवा क्रॉफर्ड मार्केटात चक्कर मारा. एका हातात कोरी काचेची टाकी आणि दुसऱ्या हातात पिशवीतले दहा मासे घेऊन निघालेलं कुणीतरी हमखास दिसेल. आठवडाभरात त्यातले बरेच मासे दगावतात आणि बोल लागतो दुकानदाराला. खरं कारण वेगळं असतं. मासे पाण्यात सतत अमोनिया सोडतात आणि तो पचवणारे जिवाणू नव्या टाकीत अजून जन्मालाच आलेले नसतात. म्हणून झाडं लावलेल्या गोड्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलताना माझा आग्रह एकच आहे: पहिले ६ आठवडे टाकी फक्त झाडांची. आकडे बरेच येतील, कागद-पेन जवळ असू द्या.

टाकी घ्या २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच, ६ मिलिमीटर काचेची. तिच्यात काठोकाठ ५४ लिटर पाणी मावतं. माती, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर साधारण ४५ लिटर उरतं. पुढची सगळी मापं या ४५ लिटरसाठी आहेत. गोल बाऊलच्या मोहात पडू नका, कारण पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं. भरलेल्या टाकीचं वजन ७० किलोच्या आसपास जातं. टीव्हीखालच्या प्लायवूडच्या फळीवर ती नको आणि खिडकीच्या बॉक्स ग्रिलमध्ये तर अजिबात नको. तिथं दुपारचं ऊनही लागतं. लोखंडी स्टँड किंवा भिंतीलगतचा कडाप्प्याचा भक्कम ओटा चालेल. खाली १ सेंटिमीटर जाडीचं थर्मोकोल हवं, म्हणजे बारीकसा खडा काचेला तडा देणार नाही. वायर प्लगच्या खाली लोंबून मग वर जाईल अशी ठेवा. ओघळलेलं पाणी वायरवरून सॉकेटमध्ये शिरणार नाही.

आता तळ. नर्सरीत मिळणारी साधी लाल माती चालते, मात्र शेणखत किंवा गांडूळखत मिसळलेली नको. खत पाण्यात गेलं की अमोनियाचा लोंढा येतो आणि पुढं महिनाभर शेवाळ काढत बसावं लागतं. माती चाळा, बादलीत भिजवा, वर तरंगणारा काडीकचरा ओतून टाका. असं तीन-चार वेळा करा. या चिखलाचा अडीच सेंटिमीटर थर द्या, म्हणजे साडेचार लिटर माती लागेल. त्यावर २ ते ३ मिलिमीटर दाण्याच्या धुतलेल्या खडीचा ४ सेंटिमीटर थर, वजनानं सुमारे ११ किलो. हे झाकण पातळ राहिलं तर एखादं रोप उपटताच टाकीचा चहा होतो. चौपाटीची वाळू आणू नका. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. खडी किंवा दगड घेण्याआधी त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे. असा दगड पाणी जड करत राहतो. संगमरवराचे पांढरे तुकडे याच कारणानं बाद.

मुंबईच्या नळाचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांतून येतं. ते मुळात पावसाचं आणि म्हणून मऊ, बहुतेक पाणवनस्पतींना मानवणारं. तुमच्या सोसायटीत बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर गणित बदलतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आणि जीएच (एकूण कठीणता) व केएच मोजायचा थेंबांचा संच घ्या. यातला केएच, म्हणजे कार्बोनेट कठीणता, पीएच (पाण्याची आम्लता) सावरून धरतो. मऊ पाण्यात तो मुळातच कमी आणि जिवाणू काम करू लागले की आणखी घटतो. मग पीएच ६च्या खाली घसरतो आणि जिवाणू मंदावतात. केएच ३ अंशांच्या खाली दिसला तर १.३ ग्रॅम खाण्याचा सोडा मगभर पाण्यात विरघळवून टाका. तो सुमारे १ अंशानं वाढेल. दिवसाला एवढंच. पापडखार वापरू नका, त्यानं पीएच एकदम चढतो. आणि नळाचं पाणी कधीही अँटिक्लोरीनशिवाय, म्हणजे क्लोरीन मारणाऱ्या औषधाशिवाय, टाकीत जाऊ देऊ नका. मात्रा बाटलीवर असतेच. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं तर त्या आठवड्यात टाकीतलं पाणी बदलणं दोन दिवस पुढं ढकललं तरी बिघडत नाही.

झाडं निवडताना आधी उकाडा लक्षात घ्या. मे महिन्यात पंख्याखालच्या टाकीतलंही पाणी ३१-३२ अंशांवर जातं. बाहेरच्या व्हिडिओंमध्ये दिसणारी हिरवळीची गालिचासारखी झाडं २४ अंशांत वाढवलेली असतात. इथं ती कुजतात आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो. व्हॅलिस्नेरिया, हायग्रोफिला, हॉर्नवर्ट, क्रिप्टोकोरीन, जावा फर्न आणि अनुबियास ही मंडळी आपल्या हवेत टिकतात. क्रिप्टोकोरीनच्या काही जाती तर सह्याद्रीच्या ओढ्यांत मूळच्याच आहेत. तिथून उपटून मात्र आणू नका. पाण्यावर छोट्या पंख्याचा वारा सोडला की तापमान दोनेक अंश उतरतं. पावसाळ्यात हवा दमट असल्यानं हा उपाय जेमतेम चालतो, पण तेव्हा गरजही कमी असते.

पहिल्याच दिवशी तळाचा निदान ६० टक्के भाग झाडांनी भरा. इथं काटकसर महागात पडते. मोकळ्या जागेचं अन्न आणि उजेड शेवाळ खातं. बाजारातून आणलेली रोपं पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात १० मिनिटं बुडवा आणि खळखळून धुवा. गोगलगायींची बरीच अंडी जातात, सगळी नाही. अनुबियास आणि जावा फर्नचा जाड आडवा खोडभाग खडीत गाडू नका, तो सडतो. दोऱ्यानं लाकडाला बांधा. क्रिप्टोकोरीनची पानं आठवड्यात वितळल्यासारखी होतील. घाबरून उपटू नका. बाजारातली बरीच रोपं पाण्याबाहेर वाढवलेली असतात. जुनी पानं टाकून ती पाण्यातली नवी पानं काढतात. सडकी पानं तेवढी कापत राहा.

उजेडाच्या बाबतीत हात आखडता हवा. ६५०० केल्विनचा, १००० ते १५०० ल्युमेनचा दिवा पुरेसा आहे. घरातला १२ वॅटचा पांढरा एलईडी बल्बही चालतो. टायमर लावा: पहिला महिना ६ तास, नंतर ८. ही वेळ संध्याकाळी घरी असताना ठेवा. सोय म्हणून दिवसभर दिवा पेटता ठेवणं हे शेवाळाचं सर्वांत नेहमीचं कारण. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर पहिल्या टाकीला नको. मातीत कुजणारा काडीकचरा थोडा वायू देतोच, आणि वायूची मात्रा रोज वर-खाली झाली की काळं, दाढीसारखं शेवाळ धरतं.

फिल्टर ताशी २०० ते २५० लिटरचा, २४ तास चालू. पहिल्या दिवसापासून रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाका. ते कुजून अमोनिया होतं. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट झाडं खातात. पहिल्या दोन आठवड्यांत दर तिसऱ्या दिवशी १५ लिटर पाणी बदला. काचेवर तपकिरी पूड बसेल. ती डायटम्स नावाच्या सूक्ष्म शेवाळाची, पुसून काढा, महिन्यात आपोआप ओसरते. मासे नसलेलं पाणी डासांना आवडतं आणि पावसाळ्यात पालिकेचे कर्मचारी घरोघरी साठवलेलं पाणी तपासतात. फिल्टरनं पृष्ठभाग हलता ठेवा, वर जाळी टाका.

तिसऱ्या आठवड्यानंतर खत. द्राक्षबागायतदारांच्या ओळखीचीच विद्राव्य खतं इथं चालतात. अर्धा लिटर पाण्यात ३७ ग्रॅम १३-०-४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. दुसऱ्या बाटलीत अर्धा लिटर पाण्यात ३ ग्रॅम ०-५२-३४, म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. आठवड्यातून एकदा प्रत्येकी १० मिली. यातून लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम नायट्रेट आणि जवळपास १ मिलिग्रॅम फॉस्फेट मिळतं. सुरुवात निम्म्यानं करा. लोह असलेलं सूक्ष्मद्रव्यांचं खत वेगळ्या दिवशी, वेगळ्या बाटलीतून. फॉस्फेटशी गाठ पडली की लोह साक्यासारखं खाली बसतं. १९-१९-१९ मात्र चुकूनही नको. त्यात युरिया आणि अमोनियम असतं, म्हणजे ज्यापासून वाचायचं तेच आपण ओतणार. बाटल्यांवर नावं लिहा आणि त्या मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

सहाव्या आठवड्यात पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही लागोपाठ तीन दिवस शून्य आले की मासे आणा, तेही एकदम सगळे नाही. आधी ६ हार्लेक्विन रासबोरा. दोन आठवड्यांनी हनी गुरामीची जोडी आणि दोन नेराइट गोगलगायी. निऑन टेट्रा आपल्या उन्हाळ्यात दमतो. तसाच रंग हवा तर कार्डिनल टेट्रा घ्या. गोल्डफिश झाडं कुरतडतो, घाणही फार करतो. पिशवी १५ मिनिटं टाकीत तरंगती ठेवा, मग दर ५ मिनिटांनी टाकीतलं एक वाटी पाणी त्यात घाला. अर्ध्या तासानं मासे जाळीनं सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत ओता. खाद्य दिवसातून एकदा, २ मिनिटांत संपेल इतकंच. सकाळी मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकताना दिसले तर आधी हवेचा पंप लावा, मग कारण शोधा.

यापुढं आठवड्याला एक बादली, म्हणजे १५ लिटर पाणी बदलायचं. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा याच काढलेल्या पाण्यात पिळा. नळाखाली धुतलात तर क्लोरीननं जिवाणू मरतील आणि टाकी पुन्हा पहिल्या आठवड्यात जाईल. वीज तीन-चार तासांहून जास्त गेली असेल तर बंद डब्यातल्या फिल्टरमधलं साचलेलं पाणी टाकून द्या, मगच तो सुरू करा. छाटलेल्या फांद्यांचे शेंडे परत रोवता येतात. उरलेलं गटारात किंवा पवईच्या तलावात टाकू नका, तिथं जलपर्णीचा त्रास आधीच पुरेसा आहे. दोन दिवस उन्हात कडक वाळवा आणि कुंडीत मिसळा.