किनाऱ्यावरची अक्षरं

(दृश्य : मालवणची बाजारपेठ. पाऊस. पत्र्याच्या शेडखाली पेंटर पाटी रंगवतोय.)

पावसाळ्यात मालवणच्या होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या असतात. स्कूबा बंद, किल्ल्यावर जाणारी बोट बंद. पुढच्या हंगामाची तयारी याच दिवसांत होते. पाट्या पुन्हा रंगतात.

हे पेंटरकाका ब्रशला हात लावण्याआधी दोरीला खडू चोळून पत्र्यावर ओळी मारून घेतात. एक शिरोरेषेची, एक अक्षराच्या पायाची. या दोन ओळींच्या वर आणि खाली त्यांनी सोडलेली जागा बघा. वरची जागा वेलांटी, रफार, अनुस्वाराची. खालची उकाराची. आधी जागा ठरते, मग अक्षर येतं.

वेबसाइटच्या पानावर हे काम टेक्स्ट स्टाईल करते, म्हणजे अक्षराचा फॉन्ट, आकार, जाडी आणि अंतर यांचा नाव दिलेला एक संच.

(दृश्य : कुडाळमधली एक खोली. खिडकीबाहेर माडाची झावळं. टेबलावर लॅपटॉप.)

कुडाळच्या या डिझायनरकडे तारकर्लीतल्या एका न्याहारी-निवासाची वेबसाइट आली आहे. घर काकींचं, स्वयंपाक काकींचा. वेबसाइट मात्र एका तयार टेम्प्लेटवर उभी आहे. टेम्प्लेट इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बेतलेलं, मराठी मजकूर नंतर चिकटवलेला.

(दृश्य : स्क्रीन अगदी जवळून. एकच शब्द – 'समुद्रकिनाऱ्यावर'.)

हा शब्द नीट बघा. टेम्प्लेटमध्ये शीर्षकाला लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरा-अक्षरांत जास्तीचं अंतर दिलेलं आहे. इंग्रजीची अक्षरं मुळात सुटी, त्यांना ते शोभतं. इथे शिरोरेषा जागोजागी तुटली. ओळींमधलं अंतरही इंग्रजीपुरतंच, म्हणून खालच्या ओळीतली वेलांटी वरच्या ओळीच्या उकारावर चढली. आणि 'ऱ्या'? हा र मराठीचा खास. त्याच्यासाठी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, वेगळं चिन्ह आहे. टाइप करताना ते चुकलं की 'किनाऱ्या'चा 'किनार्या' होतो, आणि मराठी वाचणाऱ्याला ते लगेच खुपतं.

पानावर मजकुराचे असे तुकडे ढीगभर आहेत. एकेक निवडून दुरुस्त करता येईल, पण उद्या नवं पान जोडलं की पुन्हा तेच.

(दृश्य : ॲनिमेशन. जुन्या वेबपानाचा कोड.)

वेबच्या सुरुवातीच्या काळात हेच चालायचं. फॉन्ट आणि रंग प्रत्येक मजकुराला जागच्या जागी चिकटवलेले. १० ऑक्टोबर १९९४ रोजी होकॉन व्युम ली यांनी सीएसएसची, म्हणजे वेबपानाचं रूप सांगणाऱ्या भाषेची कल्पना मांडली : मजकूर एका जागी, त्याचं रूप दुसऱ्या जागी. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती वेबचं अधिकृत मानक झाली. आजच्या डिझाइन सॉफ्टवेअरमधल्या टेक्स्ट स्टाईलच्या मुळाशी हाच विचार आहे. रूप एकदा ठरवायचं, नाव द्यायचं, आणि त्या नावाने सगळीकडे लावायचं.

(दृश्य : स्क्रीन रेकॉर्डिंग. फिग्मा हे डिझाइनचं सॉफ्टवेअर.)

डिझायनर कामाला बसते. सर्वांत आधी फॉन्ट. तिने 'मुक्त' (Mukta) नावाचा फॉन्ट निवडलाय, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने केलेला. मोफत वापरता येतो आणि त्यात बारीकपासून जाडपर्यंत सात वजनं आहेत. हे महत्त्वाचं. फॉन्टमध्ये जाड वजन नसेल तर ब्राउझर स्वतःच अक्षर फुगवतो, आणि जोडाक्षरांच्या आतली पांढरी जागा बुजून जाते.

आता परिच्छेद. इंग्रजी मजकूर १६ पिक्सेलचा, लाइन हाइट (ओळीची उंची) २४. मराठीला तिने १८ आणि ३० दिलं. मुद्दाम असे शब्द टाकून बघितलं, ज्यांत वर किंवा खाली गर्दी आहे : 'सर्वांसाठी', 'सिंधुदुर्ग', 'कृत्रिम'. आता एकही मात्रा शेजारच्या ओळीला शिवत नाही. लेटर स्पेसिंग शून्य. मराठीत ते शून्यच हवं, याबद्दल दुमत असू नये.

मग मजकूर निवडून उजव्या पट्टीत नवी स्टाईल, आणि तिचं नाव. इथे ती थांबते, आणि थांबायलाच हवं. 'मोठं ठळक' असं नाव आज सोपं वाटतं, पण उद्या ते ठळक राहिलं नाही तर नाव खोटं पडतं. म्हणून नाव कामावरून : 'मराठी / शीर्षक', 'मराठी / परिच्छेद', 'मराठी / फोटो-ओळ'. मधल्या तिरप्या रेघेमुळे फिग्मा त्यांचा आपोआप एक गट करतो. 'इंग्रजी' नावाचा गट वेगळा. रंग या स्टाईलमध्ये येत नाही, त्याची स्टाईल स्वतंत्र ठेवावी लागते.

बटणांवरच्या मजकुराची अडचण निराळी. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये तो सगळा कॅपिटल, बारीक आणि पसरट. देवनागरीला कॅपिटल नाही. त्यामुळे 'आरक्षण करा' हे बारीक आणि फिकं दिसत होतं. तिने मराठी बटणासाठी आकार वाढवला, वजन एक पायरी चढवलं. इंग्रजी स्टाईल जशीच्या तशी उचलून मराठीला घालणं हा आपल्या भाषेवरचा अन्याय आहे, आणि कोकणातल्या कितीतरी चांगल्या घरांच्या वेबसाइट्स तो आजही सोसतायत.

(दृश्य : तारकर्ली. काकींची पडवी. हातात मोबाईल.)

"गो बाय, अक्षरां वायच मोठी कर. चष्म्याशिवाय वाचूक जमणा नाय."

(दृश्य : पुन्हा स्क्रीन.)

ती 'मराठी / परिच्छेद' उघडते. १८ चे २०, ३० चे ३४. खोल्यांचं पान, जेवणाचं पान, येण्याचा रस्ता, सगळीकडचा परिच्छेद एका बदलात सुधारतो. एक तुकडा मात्र हलत नाही. तो कुणीतरी स्टाईलपासून डिटॅच करून हाताने बदललेला होता. ती तो शोधते, पुन्हा स्टाईलला जोडते. वेबसाइट बांधणाऱ्याला कोडमध्येही हीच नावं मिळतात, आणि मराठी मजकुरावर भाषेची खूण केलेली असते, म्हणजे ब्राउझरला ल आणि श यांची मराठी वळणं घेता येतात, अर्थात फॉन्टमध्ये ती असतील तर.

(दृश्य : काकी पान वाचतात. निवेदन नाही.)

दिवाळीनंतर पाहुणे येऊ लागले. रस्ता विचारणारे फोन आता कमी येतात, असं काकी सांगतात.

(दृश्य : लॅपटॉप. स्टाईल लायब्ररी प्रकाशित होते.)

हा सगळा संच आता लायब्ररी म्हणून, म्हणजे दुसऱ्या कामांतही वापरता येईल असा, प्रकाशित झालाय. देवबागच्या आणखी एका घराचं काम त्यावर सुरू आहे. तिथे दरपत्रक मोठं आहे, आकडे एकाखाली एक सरळ यायला हवेत. त्यासाठी सारख्या रुंदीच्या अंकांची नवी स्टाईल लागेल. तिने नाव लिहून ठेवलंय : 'मराठी / दर'.